नोकरी शोधताय? मग जरा टेबलच्या पलीकडून बघा

नोकरी शोधायला लागलेली बहुतेक मंडळी सगळ्यात आधी काय करतात, तर रिझ्युमेचा एखादा भारी दिसणारा टेम्प्लेट डाउनलोड करतात, त्यात माहिती कोंबतात आणि मग दिसेल त्या जाहिरातीला अप्लाय करत सुटतात. ढीगभर अर्ज जातात, रिप्लाय एकाचाही येत नाही, मग मार्केट खराब आहे, सगळीकडे वशिलाच लागतो, असं वाटायला लागतं. मार्केट कधीकधी खरंच खराब असतं, ते नाकारत नाही. पण मी टेबलच्या पलीकडे बसून बरेच रिझ्युमे वाचलेत, मुलाखती घेतल्यात, आणि तिथून चित्र फार वेगळं दिसतं. तिथला माणूस दमलेला असतो, त्याचं स्वतःचं काम पडलेलं असतं, जागा लवकर भरायची असते आणि धाकधूक एकच, की चुकीचा माणूस घेतला तर निस्तरायला आपल्यालाच लागणार. तुम्हाला रिजेक्ट करण्यात त्याला काही मजा येत नाही हो. जो त्याचं काम सोपं करतो त्याला तो बोलावतो. फ्रेशर असा, मध्ये गॅप पडलेला असो किंवा फील्ड बदलायचं असो, खाली जे लिहिलंय ते सगळं याच हिशोबाने वाचा.

पहिलं काम: रिझ्युमे बाजूला ठेवा, जाहिराती वाचा

आधी एक किंवा फार तर दोन रोल ठरवा. "कुठलंही काम चालेल" हे ऐकायला नम्र वाटतं पण त्याने कुणालाच तुमची मदत करता येत नाही, कारण ऐकणाऱ्याच्या डोक्यात कुठलीच जागा येत नाही. "डेटा अॅनालिस्टची सुरुवातीची जागा बघतोय" म्हटलं की लगेच कुणीतरी आठवतं.

रोल ठरला की त्याच्या पंधरा-वीस जाहिराती एका बैठकीत वाचा, अप्लाय न करता. कुठले शब्द पुन्हा पुन्हा येतात ते लिहून काढा. मग तीन गट पाडा: हे मला येतं आणि दाखवता येईल, हे थोडंफार येतं, हे अजिबात येत नाही. तिसऱ्या गटातली जी गोष्ट जवळपास प्रत्येक जाहिरातीत आहे ती शिकायला घ्या, बाकीच्यांच्या मागे लागू नका. आणि जाहिरातीत लिहिलेलं सगळंच्या सगळं यायला हवं असं काही नसतं, ती यादी बऱ्याचदा चार जणांनी आपापल्या इच्छा टाकून बनवलेली असते. मुख्य दोन-तीन गोष्टी जमत असतील तर बिनधास्त अर्ज करा.

रिझ्युमे

अनुभव कमी असेल तर एक पान. भरपूर असेल तर दोन. क्रम उलटा, म्हणजे सगळ्यात ताजं काम वर. लग्न झालंय का, धर्म कुठला, उंची किती हे कुणी विचारलेलं नसेल तर टाकू नका, ती जागा कामाची आहे.

आता खरी गोष्ट, ओळी कशा लिहायच्या. बहुतेक रिझ्युमेत जबाबदाऱ्यांची यादी असते: "ग्राहकांच्या तक्रारी हाताळल्या", "टीमसोबत काम केलं", "रिपोर्ट बनवले". हे वाचून काय कळतं? त्या खुर्चीत कुणीही बसलं असतं तरी हेच लिहिलं असतं. त्याऐवजी तुम्ही काय केलं आणि त्याने काय फरक पडला ते लिहा. म्हणजे "रिपोर्ट बनवले" याच्या जागी "दर आठवड्याचा विक्रीचा रिपोर्ट हाताने बनायचा, तो एक्सेलमध्ये ऑटोमॅटिक केला, अर्ध्या दिवसाचं काम अर्ध्या तासावर आलं". दुसऱ्या ओळीतला माणूस डोळ्यासमोर उभा राहतो, आणि मुलाखत घेणाऱ्याला पहिला प्रश्नही आयता मिळतो, "हे कसं केलं?" ज्याचं उत्तर तुम्हाला नक्की येतं.

आकडा नसेल तर? नसू दे. उगाच "कार्यक्षमता ४० टक्क्यांनी वाढवली" अशा पुड्या सोडू नका, ४० कुठून आले असं विचारलं की तिथेच तोंडघशी पडाल. आकड्याऐवजी व्याप्ती सांगा: किती लोकांची टीम, किती वेळात, कुणासाठी, आधी काय होतं नंतर काय झालं. फ्रेशर असाल तर कॉलेजचा प्रोजेक्ट, एखाद्या कार्यक्रमाचं आयोजन, घरच्या व्यवसायाचा हिशोब सांभाळणं, हे सगळं चालतं, फक्त त्याच पद्धतीने लिहा.

स्किलच्या पुढे त्या रंगीत पट्ट्या असतात ना, पायथन ८० टक्के, कम्युनिकेशन ९० टक्के, त्या काढून टाका. ८० टक्के पायथन म्हणजे काय हे लिहिणाऱ्यालाही माहीत नसतं.

एटीएसची भीती जरा जास्तच आहे

एटीएस म्हणजे कंपन्या अर्ज गोळा करायला जे सॉफ्टवेअर वापरतात ते. नेटवर असं पसरलंय की एक रोबो बसलाय आणि तो तुमचा रिझ्युमे वाचून कचऱ्यात टाकतो. बहुतेक ठिकाणी ते मुळात अर्जांचं कपाट असतं, रिक्रूटर त्यात शब्द टाकून शोधतो, फिल्टर लावतो, आणि जे वर येतात ते आधी उघडतो, काही ठिकाणी सिस्टिम स्वतः क्रम लावून देते. आपोआप बाद होण्याचं एक अगदी साधं कारण म्हणजे अर्जात विचारलेले हो-नाही प्रश्न, जसं की या देशात काम करायची परवानगी आहे का, अमुक लायसन्स आहे का. ते घाईत चुकीचे भरले तर रिझ्युमे कितीही चांगला असला तरी कुणी बघणार नाही, म्हणून तिथे सावकाश.

सॉफ्टवेअरला खरी अडचण येते ती टेबल, टेक्स्ट बॉक्स, दोन कॉलम आणि हेडर-फूटरमध्ये लिहिलेल्या मजकुराची. टेस्ट सोपी आहे. तुमची पीडीएफ उघडा, सगळं सिलेक्ट करून कॉपी करा, नोटपॅडमध्ये पेस्ट करा. क्रमाने वाचता येतंय? मग ठीक. फोन नंबर गायब झालाय किंवा नोकरीच्या तारखा कुठल्या कुठे गेल्यात? मग साधा एका कॉलमचा फॉरमॅट घ्या. शब्द जाहिरातीतलेच वापरा, ते "अकाउंट्स पेएबल" म्हणत असतील आणि तुम्ही "बिलांचं काम" लिहिलं असेल तर शोधात तुम्ही येणारच नाही. पांढऱ्या अक्षरात लपवून कीवर्ड भरायची युक्ती करू नका, मजकूर बाहेर काढला की ते सगळं उघडं दिसतं.

फाइलचं नाव "रिझ्युमे फायनल नवीन २" असं नको. तुमचं नाव आणि रोल. अशा डझनभर फाइल्स ज्याच्या डाउनलोडमध्ये पडल्यात त्याचा विचार करा.

एआयबद्दल एवढंच, की त्याच्याकडून पूर्ण रिझ्युमे लिहून घेतला तर तो बाकी सगळ्यांसारखाच वाचला जातो. हल्ली एकाच चालीतली कव्हर लेटर्स इतकी येतात की दोन ओळींत ओळखू येतं. त्यापेक्षा जाहिरात आणि तुमचा रिझ्युमे दोन्ही देऊन "यात काय राहिलंय" विचारा, मुलाखतीचे प्रश्न काढून घ्या, सराव करा. तुमच्या नावावर न केलेली कामं मात्र घालायला देऊ नका, आणि तो ती घालतो, म्हणून प्रत्येक ओळ स्वतः वाचा.

ओळखी, आणि त्याबद्दलचा संकोच

आपल्याकडे ओळखीने नोकरी म्हटलं की लगेच वशिला आठवतो. दोन्हीत फरक आहे. वशिल्यात लायकी नसताना आत घुसवतात, ओळखीने फक्त तुमचं नाव योग्य माणसासमोर वेळेवर पोचतं, पुढचं तुम्हालाच करायचं असतं.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये यावर एक पेपर लिहिला होता. ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना त्यांनी विचारलं, ज्याच्याकडून कळलं तो माणूस तुम्हाला किती वेळा भेटायचा? वारंवार भेटणारे निघाले फक्त १६.७ टक्के. अधूनमधून भेटणारे ५५.६ टक्के, आणि क्वचितच भेटणारे २७.८ टक्के. नमुना छोटा होता, पण कारण पटण्यासारखं आहे: जवळच्या मित्रांना जे माहीत असतं ते तुम्हालाही माहीत असतंच, वेगळी बातमी येते ती लांबच्या माणसाकडून. पुढे २०२२ मध्ये लिंक्डइनवरच्या सुमारे २ कोटी लोकांवरचा अभ्यास सायन्स या नियतकालिकात आला, त्यातही मध्यम कच्च्या ओळखी नोकरी बदलायला जास्त उपयोगी पडतात असंच दिसलं. अगदीच अनोळखी नाही आणि अगदी घट्टही नाही, असे लोक. म्हणजे जुन्या ऑफिसातला दुसऱ्या टीमचा माणूस, दोन वर्षं पुढे असलेली सीनियर, ट्रेनिंगमध्ये शेजारी बसलेला कुणी.

त्यांना काय लिहायचं यावर लोक अडतात. "सर प्लीज जॉब असेल तर सांगा" हा मेसेज वाचून समोरचा काय करणार? त्याला आता तुमचा रिझ्युमे मागायचा, वाचायचा, कुठे बसेल ते शोधायचं, एवढं काम तुम्ही त्याच्या डोक्यावर टाकलंत. असं काहीतरी लिहा:

"नमस्कार मॅडम, आपण दोन वर्षांपूर्वी त्या ट्रेनिंगला एकाच ग्रुपमध्ये होतो. मी सध्या टेस्टिंगमधून ऑटोमेशनकडे वळायच्या प्रयत्नात आहे आणि तुम्ही ते आधी केलंय. तुमच्या टीममध्ये नवीन माणूस घेताना नेमकं काय बघतात हे जाणून घ्यायचं होतं, या आठवड्यात पंधरा मिनिटं बोलता येईल का? जमत नसेल तरी काही हरकत नाही."

थेट रेफरल, म्हणजे त्यांनी आपल्या कंपनीत तुमचं नाव सुचवायला, हवा असेल तर तसंच सांगा, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं. फक्त जागेची लिंक किंवा जॉब आयडी, रिझ्युमे, आणि त्यांना जशाच्या तशा पेस्ट करता येतील अशा दोन-तीन ओळी सोबत द्या. नाही म्हणाले तर थँक यू म्हणून विषय सोडा, रुसायचं नाही. आणि नोकरी लागली की ज्यांनी मदत केली त्यांना कळवा, अगदी दुसरीकडे लागली तरी. हे फार कमी लोक करतात.

अर्ज पाठवताना

जाहिरात नवीन असताना अर्ज करा, महिनाभर जुनी असेल तर कंपनीच्या स्वतःच्या साइटवर ती जागा अजून आहे का ते आधी बघा. प्रत्येक अर्जासाठी पूर्ण रिझ्युमे बदलायची गरज नाही, वरच्या तीन-चार ओळी आणि कामांचा क्रम बदलला तरी पुरतो.

एक शीट ठेवा. कंपनी, रोल, तारीख, कुठला रिझ्युमे पाठवला, कुणाशी बोललो, पुढे काय. आणि जाहिरातीचा मजकूर तिथेच कॉपी करून ठेवा, कारण तुम्हाला फोन येईपर्यंत जाहिरात काढून टाकलेली असते आणि मग त्यांना नेमकं काय हवं होतं हेच आठवत नाही.

साधारण आठवड्याभराने एकदा फॉलोअप करा, दोन ओळींचा. त्यावरही उत्तर नाही आलं तर पुढे चला. रोज फोन करून हात धुवून मागे लागलेला माणूस लक्षात राहतो, पण चुकीच्या कारणासाठी.

मुलाखत

पहिला फोन बहुतेक वेळा एचआरचा असतो आणि त्यात फक्त चाळणी असते: नोटीस पिरियड (राजीनाम्यानंतर काम करावं लागणारा काळ) किती, पगाराची अपेक्षा काय, आधीची नोकरी का सोडताय. या तिन्हींची उत्तरं आधीच ठरवून ठेवा. गर्दीत किंवा गाडी चालवताना फोन आला तर "मी अर्ध्या तासाने फोन करू का" असं विचारायला काहीच हरकत नाही.

मुख्य मुलाखतीसाठी प्रश्नांची उत्तरं पाठ करू नका, प्रसंग तयार ठेवा. सहा-सात पुरतात: एक अवघड काम, एक वाद, एक अपयश, काहीतरी कमी वेळात शिकलेलं, स्वतःहून पुढाकार घेतलेलं, न आवडणारा निर्णय मान्य करून पार पाडलेलं काम. याच प्रसंगांवर निम्म्याहून जास्त प्रश्न निघतात. सांगताना स्टार म्हणून जी पद्धत आहे ती कामाला येते: परिस्थिती काय होती, तुमच्यावर काय जबाबदारी होती, तुम्ही काय केलं, शेवटी काय झालं. लोक पहिल्या भागातच अडकतात, कंपनीचा सगळा इतिहास सांगत बसतात आणि "मी काय केलं" वर आले की वेळ संपलेली असते. परिस्थिती दोन वाक्यांत उरका. आणि सतत "आम्ही केलं, आम्ही ठरवलं" असं म्हणू नका, समोरच्याला तुमचा वाटा कळत नाही आणि तो विचारत बसतो. टीमचं श्रेय टीमला द्या पण तुमचा तुकडा वेगळा काढून दाखवा.

"स्वतःबद्दल सांगा" याला दीड मिनिट. आता काय करतोय, इथवर कसा आलो, ही जागा का. जन्मापासून सुरुवात नको.

गॅप असेल तर एका सरळ वाक्यात सांगा, "घरी आजारपण होतं, वर्षभर काम थांबवलं होतं, आता पूर्णवेळ उपलब्ध आहे", आणि पुढे त्या काळात किंवा त्यानंतर काय ताजं केलं ते. तुम्हीच अवघडून गेलात की समोरच्यालाही वाटतं काहीतरी लपवतोय. उत्तर येत नसेल तर येत नाही म्हणा, आणि मग "शोधायची वेळ आली तर मी अशी सुरुवात करेन" एवढं जोडा.

काही ठिकाणी सगळ्यांना तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारतात, मुलाखत घेणारा टिपत असतो आणि हसत वगैरे नाही. त्याचा राग मानू नका. अशा ठरीव मुलाखती आणि प्रत्यक्ष कामाचा नमुना करून घेणं यातून माणूस पुढे कसं काम करेल याचा अंदाज नुसत्या अनुभवाच्या वर्षांपेक्षा बराच चांगला येतो, हे संशोधनात वारंवार दिसलंय. म्हणून अनुभव कमी असलेल्यांसाठी टेस्ट किंवा असाइनमेंट ही खरंतर संधी आहे. किती वेळ अपेक्षित आहे ते विचारा, काय गृहीत धरलं ते वर लिहा, अजून वेळ असता तर काय केलं असतं ते शेवटी लिहा. पण असाइनमेंटच्या नावाखाली त्यांचं आठवडाभराचं चालू काम फुकटात मागत असतील तर नम्रपणे नाही म्हणा.

व्हिडिओ कॉल असेल तर उजेड चेहऱ्यावर, खिडकी पाठीमागे नको, कॅमेरा डोळ्यांच्या पातळीला, आणि नेट गेलं तर जॉइन व्हायला फोन तयार.

शेवटी "तुम्हाला काही विचारायचंय?" येतं. "नाही" म्हणू नका. ही जागा नवीन आहे की कुणी सोडून गेलंय? पहिल्या तीन महिन्यांत काय झालं तर तुम्हाला वाटेल की माणूस बरोबर घेतला? या दोन प्रश्नांच्या उत्तरातून तुम्हाला त्या कंपनीबद्दल तिच्या वेबसाइटपेक्षा जास्त कळेल.

पैशाचं बोलणं आणि ऑफर

अपेक्षा विचारली की आधी "या जागेसाठी तुमचं बजेट काय ठरलंय" असं विचारून बघा. सांगितलं तर उत्तम. नाही सांगितलं तर अभ्यास करून एक रेंज द्या, पण लक्षात ठेवा, त्यांना त्यातला खालचाच आकडा ऐकू येतो, म्हणून खालचा आकडाही तुम्हाला चालणारा असू दे. घासाघीस करायची वेळ म्हणजे ऑफर आल्यानंतर आणि हो म्हणण्याच्या आधी. तेव्हा त्यांनी तुम्हाला निवडलेलं असतं आणि पुन्हा शोधायला सुरुवात करायचा त्यांना कंटाळा असतो. घरखर्च, हप्ते ही कारणं देऊ नका, काम आणि बाजारभाव यावर बोला. आकडा सांगितला की गप्प बसा, स्वतःच खाली येऊ नका.

ऑफर लेटर पूर्ण वाचा. एकूण पॅकेज आणि दर महिन्याला हातात येणारा पगार यात बराच फरक असू शकतो. व्हेरिएबल, म्हणजे पगारातला कमी-जास्त होणारा भाग, किती आणि कशावर अवलंबून, प्रोबेशन (सुरुवातीचा परीक्षेचा काळ) किती, नोटीस पिरियड दोन्ही बाजूंनी सारखा आहे का, जॉइनिंग बोनस लवकर सोडल्यास परत द्यायचाय का, बॉण्ड (अमुक काळ नोकरी न सोडण्याचा करार) आहे का. आणि लेखी ऑफर हातात येईपर्यंत आहे ती नोकरी सोडू नका, फोनवर कितीही गोड बोलले तरी.

फसवणूक

हे थोडक्यात, पण नीट वाचा. नोकरी देणारा पगार देतो, घेत नाही. रजिस्ट्रेशन फी, ट्रेनिंग फी, लॅपटॉपचं डिपॉझिट, कुठल्याही नावाने पैसे मागितले की तिथेच थांबा. फक्त चॅटवर मुलाखत घेऊन तासाभरात ऑफर, मोठ्या कंपनीचं नाव पण मेल फुकटच्या आयडीवरून, व्हिडिओ लाइक करून पैसे कमवा आणि मग "पुढच्या टास्कसाठी आधी थोडे भरा", हे सगळे ठरलेले सापळे आहेत. ओळखपत्रं, बँकेची माहिती, ओटीपी असलं काही पहिल्याच मेलला पाठवू नका. खात्री करायची तर मेलमधल्या लिंकवरून नाही, कंपनीची साइट स्वतः शोधून तिथल्या नंबरवर विचारा.

लागली नोकरी, आता

बाकी जिथे प्रक्रिया चालू आहे तिथे मेल करून अर्ज मागे घ्या. ते लोक पुन्हा भेटतात, कधी दुसऱ्या कंपनीत, कधी तुमचेच मॅनेजर म्हणून.

पहिल्या आठवड्यात मॅनेजरला विचारा की तीन महिन्यांनी माझ्याकडून काय झालेलं असायला हवं, आणि जे सांगतील ते मेलमध्ये लिहून त्यांनाच पाठवा, नंतर वाद राहत नाहीत. फीडबॅक मागताना "माझं काम कसं चाललंय" विचारलं की "छान" असंच उत्तर येतं. त्याऐवजी "कालच्या प्रेझेंटेशनमध्ये मी कुठली एक गोष्ट वेगळी करायला हवी होती" असं विचारा.

आणि एक कामाची नोंद ठेवायला सुरुवात करा. दर शुक्रवारी चार-पाच ओळी: काय केलं, कुणाला उपयोग झाला, आधी किती वेळ लागायचा आता किती, कुणी काय म्हणालं. अप्रेझलच्या वेळी मॅनेजरला तुमचं वर्षभराचं काम आठवत नसतं, त्याला मागच्या दोन महिन्यांतलं आठवतं, तेव्हा हीच नोंद त्याला आयती द्या. रिझ्युमेतले खरे आकडेही इथूनच मिळतात. फक्त ही नोंद तुमच्या स्वतःच्या वहीत किंवा स्वतःच्या फोनवर ठेवा, ऑफिसच्या लॅपटॉपवर नको, तो शेवटच्या दिवशी परत जातो. आणि त्यात ग्राहकांची नावं, आतले दर, कंपनीच्या फाइल्स असलं काही घेऊ नका, तुमच्या कामाबद्दल तुमच्या शब्दांत जेवढं लिहिता येतं तेवढंच.